माळखोपी बंदरातला लोखंडी डबा

मी डबा बोलतोय राव. जेवणाचा न्हवं, जहाजावरचा. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, अंगावर पत्र्याच्या वळ्या, रंग एकेकाळी निळा. तुमी मला कंटेनर म्हणता. आबाजी मला 'लोखंडाची खोली' म्हणतो. गिरजाबाई काय म्हणती ते चारचौघांत सांगण्यासारखं न्हाई.

माझं बोलणं कानानं ऐकू येत न्हाई. दुपारी माझ्या सावलीत यायचं अन् माझ्या अंगाला पाठ टेकवायची. चटका बसला की समजायचं, मी रामराम घातला.

शिकलेला मी न्हाई, उगं खोटं कशाला बोलू. मराठी शिकलो ती आबाजीच्या पाठीतनं. सहा वर्षं झाली, त्यो माणूस मला टेकून बसतोय अन् आख्ख्या खेड तालुक्याच्या कुचाळक्या करतोय. तवा माझ्या बोलण्यात काय वावगं आलं तर त्यो दोष आबाजीच्या पाठीचा. मी आपला गरीब डबा.

खोड्या मात्र माझ्या मला सुचत्यात. घाईत आलेल्या माणसाला मी दार उघडत न्हाई. पांढरा सदरा घालून कुणी टेकलं की त्याच्या पाठीवर गंजाचा नकाशा काढून देतो. अन् माझ्या एका कोपऱ्यात कुणी कुजबुजलं तर दुसऱ्या कोपऱ्यात ते लग्नाच्या स्पीकरवानी ऐकू जातं. ह्या एका गुणामुळं माळखोपीतल्या दोन सोयरिकी मोडल्यात. एक जुळली बी हाय, पण तिचं नाव कुणी काढत न्हाई.

माझा जन्म लई लांबचा. पूर्वेकडं, समुद्राकाठच्या एका बंदरात. गावाचं नाव सांगितलं असतं, पण ते माझ्या तोंडात मावत न्हाई. मी जन्मलो तवा ते बंदर म्हणजे चिखलाची खाडी, एक खुजी क्रेन, एक दीपगृह, धा-बारा होड्या अन् गेटाशी बसलेली एक म्हातारी. ती उकडलेले शिंपले विकायची. बस. एवढंच शहर.

मी जहाजावर चढलो, जगाला एक वळसा घातला, माघारी आलो, तर एका क्रेनीच्या चार झाल्या. पुन्हा गेलो, पुन्हा आलो, तर चाराच्या वीस. कोळ्यांची पोरं जाळी टाकून क्रेनीत जाऊन बसली. समुद्रात भराव टाकला, त्याच्यावर रस्ता, रस्त्यावर इमारती. इमारतीत ऱ्हायला आलेल्या लोकांना माशांचा वास सहन हुईना, म्हणून मासळीबाजार शहराबाहेर. जुनं दीपगृह इमारतींच्या गर्दीत असं गाडलं गेलं की त्याचा उजेड जहाजांवर पडायच्या ऐवजी समोरच्या सातव्या मजल्यावरच्या एका माणसाच्या न्हाणीघरात पडायचा. त्यो माणूस लई स्वच्छ झाला म्हणत्यात.

अन् म्हातारी? ती जाग्यावरनं वीतभर हलली न्हाई. समुद्र हलला. पहिल्या वर्षी तिच्या पायाशी पाणी व्हतं. मी शेवटचा निघालो तवा पाणी तिच्यापासनं दोन बस बदलून जावं लागंल इतकं लांब गेलं व्हतं, अन् ती आपली तिथंच, शिंपले विकत. शिंपले दुसऱ्या शहरातनं यायचे.

बंदराचं शहर वाढतं ते असं. आधी माल येतो. मालामागं माणूस येतो. माणसामागं भूक, भुकेमागं चूल. अन् शहर चांगलं जेवून मोठं झालं की त्याला वाटाय लागतं, ही चूल मधीच काहून हाय?

'काहून' हा शब्द गिरजाबाईचा. ती हिंगोलीकडची. आता तिच्याकडं येतो.

अकरा वर्षांमागं मी न्हावाशेवाला उतरलो. पोटात मोटारीच्या दारांची रबरं व्हती. ट्रेलरवर बसून घाट चढलो अन् चाकणला आलो. रबर उतरवताना एका फोर्कलिफ्टवाल्यानं मोबाइलवर बोलत बोलत फोर्क माझ्या बरगडीत घातला. भोक पडलं. भोक पडलेल्या डब्यात पाणी शिरतं, मंग त्याला जहाज घेत न्हाई. मला यार्डाच्या कोपऱ्यात टाकलं. पाच वर्षं माझ्याकडं कुणी बघितलं न्हाई, येक भारद्वाज पक्षी सोडला तर.

त्या यार्डात ज्योतीराम हायड्रा चालवायचा. हायड्रा म्हणजे ती पिवळी, लांब नाकाची क्रेन, चाकण चौकात जी आडवी लागली की आर्धा तालुका थांबतो ती. ज्योतीराम दिवसातनं चार शब्द बोलतो, त्यातले दोन 'व्हय' असत्यात. गिरजाबाई त्याची बायको. तिची खानावळ. कंपनीतली एकटी पोरं, परभणीची, बीडची, लातूरची, सगळी तिच्याकडं जेवायला.

पण तिच्या चुलीला जागा लाभत न्हवती. पहिली चूल हायवेकडंला व्हती, रस्ता रुंद झाला, गेली. दुसरी एका कंपनीच्या भिंतीला व्हती, भिंतच चार फूट बाहेर आली. तिसरी मांडली तिथं नेमका उड्डाणपुलाचा खांब निघाला, अन् पूल आजून न्हाई, खांब तेवढा हाय. तवा ज्योतीरामनं आपल्या हायड्रानं मला उचललं अन् माळखोपीला आबाजीच्या पडीक रानात, वढ्याच्या कडंला आणून ठेवलं. दोन खिडक्या कापल्या, भोक बुजवलं, आत चूल मांडली.

त्या दिवशी गिरजाबाई चुलीवर हात ठेवून नवऱ्याला म्हणाली, "आता ही चूल हलायची नाही. हिच्याआधी मला हलवावं लागंल. ऐकायलाव का?"

ज्योतीराम म्हणाला, "व्हय."

मी पैज लावून सांगतो, त्या दोघांच्या लग्नात बी एवढी पक्की शपथ झाली नसंल.

पाच वर्षं बरी गेली. दिवसाला दीडशे ताटं. मंग मागल्या साली गावाला खुळ लागलं.

झालं असं की आमच्या माळखोपीच्या माळावर 'कोरडं बंदर' व्हणार असं ठरलं. त्यात इपरीत काय न्हाई. जहाजाचे डबे सरळ माळावर आणायचे, तिथंच उघडायचे, तिथंच सरकारी शिक्के मारायचे, त्याला म्हणत्यात कोरडं बंदर. पाणी लागत न्हाई. पण झालं काय, कुठल्याशा कार्यालयानं देशातल्या बंदरांची यादी केली, त्यात आमचं नाव गेलं. अन् एक दिवस ग्रामपंचायतीला बावीस पानांचा अर्ज आला. वर लिवलेलं, 'किनारपट्टीवरील बंदर-शहराचा इतिहास आणि विकास'. भरून पाठवा, तुमच्या गावाला बंदर-शहराचा दाखला मिळंल.

आता शहाण्या गावानं काय केलं असतं? 'आमच्याकडं समुद्र न्हाई' असं लिवून माघारी पाठवलं असतं. पण आमच्या गावाची एक खोड हाय. गेली पन्नास वर्षं प्रत्येक अर्ज एकदा तरी 'रकाना रिकामा' म्हणून माघारी आलेला. वारसाची नोंद असो, इजेचं मीटर असो, रकाना मोकळा सोडला की खेटा पडला. तवा माळखोपीचा माणूस मेला तरी रकाना मोकळा सोडत न्हाई. एकानं तर रेशनच्या अर्जात 'गरोदर असल्यास महिने' म्हणून व्हतं तिथं स्वतःचं वय घातलं व्हतं.

अर्ज भरायला बसले ते माझ्याच पोटात, कोपऱ्यातल्या टेबलावर. उपसरपंच नवनाथ, कडक इस्त्री, आबाजीच्या रानाला लागूनच नवीन बंगला. आबाजी, रान त्याचं म्हणून अन् तोंड त्याचं म्हणून. अन् लिवायला बुद्धरत्न. ह्यो पिंपरीचा, बाप कारखान्यात व्हता, हा हितल्या कंपनीत माल तपासतो. अक्षर सुबक, अन् चेहऱ्यावरनं थट्टा करतोय का खरं बोलतोय ते कळत न्हाई.

"दीपगृहाची उंची," बुद्धरत्ननं वाचलं.

"चौकातला मोठा दिवा लिही," नवनाथ म्हणाला. "ऐंशी फूट."

"तो बंद आहे, दादा."

"उंची इचारलीय. चालू हाय का कुठं इचारलंय?"

"बंदरात एकावेळी उभी राहणारी जहाजं."

आबाजीनं दारातनं हायवेकडं बघितलं. संध्याकाळची कोंडी लागलेली. "मोज की. तळेगाव चौकापातूर तीनशे ट्रेलर तरी असत्याल. उभेच हायेत, चालत कुठं आलेत."

"समुद्री चाच्यांचा उपद्रव."

"डिझेल चोरत्यात ते लिही."

"परदेशी दर्यावर्दी येऊन गेल्याची नोंद."

"तो कोरियाचा साहेब हितं जेवला नाही का," गिरजाबाई भाकरी थापता थापता बोलली. "ठेचा खाल्ला अन् रडला."

तेबी लिवलं. असं करत करत बावीस पानं भरली. बंदराची स्थापना म्हणून आबाजीनं सांगितलं की त्याच्या आज्याचा बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळाला, तो निशाणाला थांबलाच न्हाई, माळावर येऊन बसला, तिथं गाव वसलं. मला आतनं हसू यायलं. ज्या बंदरात मी जन्मलो तिथं तरी ह्याच्यापरीस खरं काय सांगत व्हते? तिथं म्हणायचे, एका माशानं राजाला वाट दाखवली. बैल निदान जमिनीवर पळतो.

शेवटाला एक रकाना आला. 'भरतीचे पाणी जास्तीत जास्त कोठवर येते.'

 मंग आबाजीनं डोकं खाजवलं. अन् इतका येळ खोटं सांगणाऱ्या त्या बेण्याला नेमकी तिथंच खरं बोलायची बुद्धी झाली.

"परवाच्या साली वढ्याला पूर आला तवा पाणी गिरजेच्या दारापातूर आलेलं. उंबऱ्याला लागलं व्हतं. ते लिही."

बुद्धरत्ननं लिवलं. नकाशात बारीक रेघ मारली. नवनाथनं शिक्का हाणला.

तीन महिन्यांनी दाखला आला. गावाच्या कमानीवर पाटी लागली, 'बंदर-शहर माळखोपी आपले स्वागत करीत आहे'. पाटीवर गलबत, गलबतावर नवनाथचा फोटो. नारळी पुनवंला आख्खं गाव पाझर तलावावर नारळ टाकून आलं. चार नारळ टाकले, सहा बाहेर निघाले. आधीच्या नवसाचे असतील.

अन् पाटी लागल्यावर पंधरा दिवसांनी नोटीस आली. नवनाथला न्हाई, पंचायतीला न्हाई. गिरजाबाईला.

बुद्धरत्ननं जेवता जेवता वाचून दाखवली. वाचता वाचता त्याचा घास हातातच ऱ्हायला.

"मावशी, ह्यात लिहिलंय की तुमची खानावळ समुद्राच्या भरतीरेषेच्या आत आहे. किनाऱ्याच्या नियमाप्रमाणे इथं बांधकाम चालत नाही. पंधरा दिवसांत हलवायचं. नाहीतर ते येऊन उचलतील."

"कुणाचा समुद्र?" गिरजाबाई म्हणाली.

"आपलाच. आपणच लिहून दिलाय."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली न्हाई. करपल्याचा वास मला बी आला. सहा वर्षांत तिची भाकरी करपलेली मी पयल्यांदाच बघितली. खोलीत पंचवीस पोरं जेवत व्हती, त्यातल्या एकानं उठून तवा उतरवला.

ती तडक उठली, पिठाच्या हातानंच नवनाथच्या बंगल्यावर गेली. आबाजी मागनं. फाटकाच्या आतलं मला दिसलं न्हाई, पण माघारी येऊन आबाजीनं माझ्यावर पाठ टेकून सगळं सांगितलं.

"उपसरपंच, तुमी लिवून द्या की हितं समुद्र नाही," गिरजाबाई म्हणाली व्हती.

"तसं कसं, गिरजाबाई. दाखला जाईल. आता कुठं गावाचं नाव व्हायला लागलंय."

"गावाचं नाव व्हायलंय अन् माझी चूल जायलीय. दीडशे लेकरं काय तुमची पाटी खातील?"

"चूल काय, कुठंबी मांडता येती."

"तुमचा बंगला मांडा की मंग कुठंबी."

नवनाथ म्हणाला, साहेब लोक पाहणीला येणार हायेत, त्यांना सांगा. अन् आत गेला. आबाजीनं जाता जाता त्याच्या दारातलं नवं पायपुसणं उलटं घालून ठेवलं. म्हाताऱ्याला तेवढंच जमलं.

पंधरा दिवस गिरजाबाई कुणाशी धड बोलली न्हाई. सगळ्यांना वाढायची, स्वतः उभ्यानं खायची. एक दिवस पोरं गेल्यावर ती चुलीपाशी बसली अन् ज्योतीरामला म्हणाली, "हिंगोलीला जाऊ. तिथं निदान पाणी नाही म्हणून तरी सगळ्यांना ठाऊक हाय."

ज्योतीराम 'व्हय' म्हणाला न्हाई. गप बसला. त्याचं गप बसणं अन् त्याचं बोलणं ह्यात फरक असतो हे मला तवा कळलं.

पाहणीला आल्या मिनल मॅडम. सकाळी अकराला यायच्या व्हत्या, आल्या साडेतीनला. पिंपळे गुरवला ऱ्हात्यात, तिथनं निघाल्यापासनं कोंडीत. उपाशी. अन् अंगात नारंगी लाइफ जॅकेट, शिट्टीसकट.

आबाजीनं आधी ते बघितलं, अन् नंतर वढा बघितला. मंग हळूच म्हणाला, "मॅडम, वढ्यात पाणी गुडघ्याच्या बी खाली हाय."

"भरतीरेषेची पाहणी जॅकेट घालूनच करायची, असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर घाम, हातात टेप, खांद्याला फाइल.

"मॅडम, तुमाला समुद्र दिसायलाय का?" गिरजाबाईनं सरळ इचारलं.

"नाही."

"मंग तसं लिवा."

मॅडमनी फाइल उघडून तिच्यापुढं धरली. "हे बघा. इथं भरतीची उंची लिहायची. इथं लाटांचा जोर. इथं वाळूचा रंग. समुद्र नाही, हे लिहायला रकाना नाही. मी कुठं लिहू?"

"कडंला लिवा," आबाजी म्हणाला.

"कडेला लिहिलेलं कॉम्प्युटर वाचत नाही, आजोबा. आणि समुद्र कमी करायचा असेल तर वेगळा अर्ज आहे. त्याला ज्यांनी समुद्र दाखवला त्यांचीच सही लागते."

सगळ्यांनी नवनाथकडं बघितलं. त्यो लांब, पाटीखाली उभा व्हता, माझ्यापासनं पांढरा सदरा वाचवून.

मॅडमनी टेप लावली, माझं माप घेतलं, आत येऊन खिडक्या मोजल्या. चेहरा पडलेला व्हता पोरीचा. वाईट न्हवती ती. "मी अहवालात 'हटवावे' असं लिहिते, मावशी. मला दुसरं काही लिहिताच येत नाही," असं म्हणून ती दाराकडं निघाली.

आता हितं माझी पाळी.

खोड्या मी आजवर मजेखातर केल्या. पण त्या दिवशी मी जे दार आवळलं, ते जीव खाऊन आवळलं. मॅडमनी दार ढकललं. हललं न्हाई. खांदा लावला. न्हाई. आबाजीनं भाईरनं लाथ घातली, बुद्धरत्ननं दाराचा लोखंडी दांडा ओढला. मी दात आवळून उभा.

"अडकतंय ते," गिरजाबाई म्हणाली. "घाई करणाराला अडकतंच. बसा. जेवलाव का?"

"नाही, पण मी ड्यूटीवर..."

"जॅकेट काढा. पाटावर बसा."

मॅडम बसली. गिरजाबाईनं पिठलं वाढलं, गरम भाकरी, कांदा फोडून, वर ठेचा चिमूटभर. हातून चूल काढून घ्यायला आलेल्या बाईला तिनं दुसरी भाकरी न इचारता वाढली. हे मी बघितलंय म्हणून सांगतो. ठेच्यानं मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान वर करून श्वास घेतला, अन् वर बघता बघता थांबली.

"तिथं काय लिहिलंय?"

माझ्या आतल्या भिंतीवर, वरच्या अंगाला, लसणाच्या माळंमागं अक्षरं हायेत. चार इंग्रजी अक्षरं अन् सात आकडे. मला वाचता येत न्हाई, सहा वर्षांत कुणी वाचलंबी न्हवतं. गिरजाबाईनं माळ बाजूला केली. मॅडमचा उजवा हात उष्टा, म्हणून तिनं डाव्या बोटानं ते मोबाइलमधी मारलं.

मंग तिनं मोबाइल वर धरून भिंतीवरचे आकडे पुन्हा ताडून बघितले. बुद्धरत्न खिडकीतनं वाकला.

"मॅडम, काय झालं?"

"हा डबा अजून पोचलेला नाही."

"कुठं?"

"कुठंच. अकरा वर्षांपूर्वी निघाला. ज्या कंपनीचा होता ती बुडाली. पोचल्याची नोंदच कुणी केली नाही. इथं दाखवतंय, 'प्रवासात'."

मी राव हादरलो. अकरा वर्षं मी स्वतःला मोडीत निघालेला समजत व्हतो. पाच वर्षं यार्डात रडलो. अन् कुठंतरी, कुणाच्यातरी यंत्रात, मी आजून निघालेलोच. वाटंवर. माझ्या पत्र्याला काय झालं कुणास ठाऊक, दाराची पकड आपोआप सुटली.

दार उघडलं तरी मॅडम उठली न्हाई. फाइलीची पानं उलटत व्हती. "म्हणजे हे बांधकाम नाही," ती सावकाश बोलली. "बंदरात प्रवासातला माल भरतीरेषेच्या आत ठेवता येतो. नियमातच आहे. रकानासुद्धा आहे." पोरगी पहिल्यांदा हसली. मंग पुढचं वाचलं अन् हसू गेलं. "पण एका जागी पंधरा दिवसांच्या वर नाही. प्रवासात आहे म्हटल्यावर हलला पाहिजे."

"किती?" बुद्धरत्ननं इचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"वीतभर?" आबाजी म्हणाला.

"टेपवर दिसायला तरी पाहिजे, आजोबा. दहा फूट धरा."

सगळ्यांनी ज्योतीरामकडं बघितलं. त्यो मघापासनं दाराभाईर उभा व्हता, यार्डातनं हायड्राच घेऊन आलेला. दर पंधरा दिवसांनी धा फूट. त्याला ती आंघोळ करण्याइतकी सोपी गोष्ट. पण त्यानं मान हलवली न्हाई. त्यो बायकोकडं बघत व्हता. कारण शपथ त्याला माहीत व्हती, अन् ज्या बाईची चूल तीनदा उचलली गेली तिला 'आता दर पंधरवड्याला उचल' असं सांगायची त्याची छाती न्हवती.

गिरजाबाईनं चुलीवर हात ठेवला. तसाच, सहा वर्षांमागं ठेवला व्हता तसा. आबाजीनं तंबाखू मळायची थांबवली.

"चूल ह्या भिंतीला हाय," ती म्हणाली. "ह्या भिंतीलाच राहील. हिला कुणी हात लावायचा नाही."

"मग?" मॅडमनी इचारलं.

"मंग काय. चूल जाग्यावर राहील. गाव हलू द्या की तिच्या भवतालनं."

ज्योतीराम म्हणाला, "व्हय." अन् त्या दिवसातला दुसरा शब्द बी खर्च केला. "आत्ताच?"

"आत्ताच. पण मी उतरणार नाही. डाळ शिजायलीय."

मॅडम घाबरून भाईर आली, जॅकेट मात्र आतच ऱ्हायलं. आबाजी म्हणाला, ते गिरजेला घाला, नियम हाय. गिरजाबाईनं नऊवारीवर नारंगी जॅकेट चढवलं, शिट्टी गळ्यात. हायड्रानं साखळ्या अडकवल्या. ज्योतीरामनं मला उचललं. कसं सांगू, काचेचं सामान उचलावं तसं. फूटभर वर. वढ्यावरनं वारा आला, माझा पत्रा वाजला, अन् आतमधी डाळीच्या पातेल्यात एक लाट उठली. ह्या काठावरनं त्या काठाला गेली, माघारी आली, थेंब सांडला न्हाई.

गिरजाबाईनं आयुष्यात समुद्र बघितलेला न्हाई. ती पातेल्याकडं बघत ऱ्हायली. मंग तिनं शिट्टी वाजवली.

मॅडमनी अहवालात लिवलं, 'लाटांचा जोर: सौम्य.' म्हणाली, पहिल्यांदा एक रकाना डोळ्यांनी बघून भरला.

ह्याला आता साडेतीन महिने झाले. माझ्या सात सफरी झाल्यात. दिशा कुठली धरायची हे कुणीच सांगितलं न्हवतं, म्हणून ते आबाजीनं ठरवलं. रान त्याचं. दर पंधरवड्याला धा-धा फूट करत मी आज नवनाथच्या बंगल्याच्या फाटकासमोर येऊन ठेपलोय. फाटकातनं त्याची गाडी निघत न्हाई. त्यानं तक्रार करून बघितली. मॅडम म्हणाल्या, बंदरात मालाला वाट द्यावी लागते, तुम्हीच तर बंदर लिहून दिलंय. आता त्यो दीडशे पोरांच्या रांगेतनं वाट काढत पायी हापिसात जातो, अन् बऱ्याचदा रांगेतच थांबून जेवून जातो. पाठीवर माझा नकाशा असतोच.

बुद्धरत्ननं एक दिवस ताटाखालच्या कागदावर आकडेमोड केली. म्हणाला, "मावशी, डबा असाच पश्चिमेला नेत राहिलात तर सोळाशे वर्षांत समुद्र लागतो."

"येताना लिंबं घेऊन ये," गिरजाबाई म्हणाली. "सकाळच्या शिफ्टला संपलीत."

पोरं कधी कधी चुकत्यात. गेल्या पंधरवड्याला मी जिथं व्हतो तिथं ताट मागायला उभी ऱ्हात्यात. मातीवर माझा चौकोन असतो, गवत न उगवलेला, तिथनं धा फूट पुढं बघायचं. धूर दिसंल.

बरं, हायड्राचा आवाज यायला लागला. आठवी सफर हाय, अन् गिरजाबाईनं आज कढी टाकलीय, म्हणजे समुद्र जरा पातळ असणार. निघायला पायजे. तुमाला एकच मागणं हाय राव. कवातरी कुठल्या हापिसातनं कुणी फोन करंल, लई गोड बोलंल, अन् इचारंल की तो निळा डबा पोचला का. तुमी भले खरं बोलणारी माणसं असाल, तुमच्या तोंडातनं सवयीनं 'व्हय' निघंल. तेवढं करू नका. सांगा, वाटंवर हाय. आजून पोचला न्हाई.